शुगर मोजली, पडदा कोण पाहणार?

14 नोव्हेंबर हा इन्सुलिनच्या शोधातले एक मानकरी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. तोच जागतिक मधुमेह दिन. त्या सुमारास इतर शहरांसारखीच रायपुरातही सेवाभावी क्लबांची मोफत शिबिरं भरतात. बोट टोचतात, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, यंत्रावर आकडा उमटतो आणि तो लिहिलेली चिठ्ठी खिशात घालून माणूस घरी जातो. अंधत्व टाळायचं असेल तर या चिठ्ठीवर शिबिर संपून भागणार नाही. शुगर वाढलेल्या प्रत्येकाच्या डोळ्याचा पडदा तपासला जाईपर्यंत क्लबांनी पाठपुरावा करायला हवा. लायन्स क्लबांकडून तर ही अपेक्षा अधिकच आहे. 1925 मध्ये अमेरिकेतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी त्यांना अंधांच्या बाजूने उभं राहण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून नेत्रसेवा ही त्यांची ओळख झाली. 2017 मध्ये, शताब्दीच्या वर्षी, त्यांनी मधुमेहही आपल्या जागतिक कामात घेतला. डोळे आणि शुगर असे एका घरात आले खरे, पण मोतीबिंदूचं शिबिर एकीकडे आणि शुगरचं दुसरीकडे, असंच अजूनही बहुतेक ठिकाणी चालतं.

यावर पहिला आक्षेप रुग्णाकडूनच येतो: मला तर स्वच्छ दिसतंय, मग तपासायचं कशाला? मधुमेहाने होणाऱ्या पडद्याच्या आजाराचा दगा नेमका इथेच आहे. वाढलेल्या साखरेने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, कुठे फुगतात, कुठे पाझरतात. पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो. तोवर दुखत नाही, खुपत नाही, पेपरही वाचता येतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टरांनी आत पाहिलं किंवा पडद्याचा फोटो काढला तरच हे कळतं. थेंब घातल्यावर काही तास उजेड सोसत नाही आणि जवळचं धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणी असलेलं बरं; एवढीच काय ती गैरसोय. वेळेत सापडलं तर उपाय आहेत. लेझरने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 1970 च्या दशकातच मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनंही आहेत. पण गेलेली नजर सहसा पूर्ण परत येत नाही. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे 17 टक्के लोकांच्या पडद्यावर दोष आढळला, आणि बहुतेकांनी पडदा कधीच तपासून घेतलेला नव्हता. देशात मधुमेही 10 कोटींवर आहेत, हे लक्षात घेतलं की या टक्क्यांमागची माणसं दिसू लागतात.

दुसरा आक्षेप असा, की हे सरकारचं काम आहे. उपचार सरकारचेच, हे मान्य. रायपुरात एम्स आहे, आंबेडकर रुग्णालय म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेलं ‘मेकाहारा’ आहे. पण ज्याला त्रासच जाणवत नाही तो तिथे रांगेत का उभा राहील? इंग्लंडने 2003 पासून प्रत्येक मधुमेहीला दरवर्षी पडद्याच्या तपासणीसाठी बोलावणं पाठवायला सुरुवात केली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की कमावत्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाचा पहिला क्रमांक तिथे अर्धशतकात प्रथमच गेला होता. अभ्यासकांनी या तपासणीलाही त्याचं श्रेय दिलं. आपल्याकडे असं घरोघर बोलावणं क्लबांचे कार्यकर्ते पोचवू शकतात.

छत्तीसगडात आणखी एक भीती आहे आणि ती उडवून लावता येणार नाही. 2011 मध्ये बालोदच्या मोतीबिंदू शिबिरानंतर अनेकांचे डोळे गेले. डोळ्यांचं शिबिर म्हटलं की ते आजही आठवतं. म्हणूनच लोकांना स्पष्ट सांगावं, की पडद्याच्या तपासणीत चिरफाड नाही, आणि शस्त्रक्रिया शिबिराच्या मांडवात करायचीही नाही. कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो प्रशिक्षित तंत्रज्ञ काढू शकतो. तो लांब बसलेले नेत्रतज्ज्ञ वाचतात. तेलीबांधा तलावाच्या काठी फिरायला येणाऱ्यांसाठी असा कॅमेरा लावता येईल, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात मराठी कुटुंबांना त्यांच्या भाषेत समजावता येईल; पण हमाल, रिक्षावाले आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बायका यांच्यापर्यंत आधी जावं, कारण तपासणीला गेलं की त्यांची दिवसाची मजुरी बुडते. नाव आणि फोन लिहून घ्यावा, महिन्याने विचारावं, दवाखान्यात सोबत जावं. क्लबाच्या वार्षिक अहवालात ‘किती जणांची शुगर तपासली’ या रकान्याशेजारी ‘किती पडदे पाहिले’ आणि ‘उपचारापर्यंत किती पोचले’ हे रकाने आले, तर पुढच्या नोव्हेंबरात कुठल्या वस्तीत आधी जायचं ते त्यावरूनच ठरवता येईल.