स्तन कर्करोग : शस्त्रचिकित्सा व पुनर्रचना

स्तनातील दुग्धनलिका वा दुग्धखंडिका यांच्या अस्तर-कोशिकांपासून उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदाच्या उपचारांत शस्त्रक्रियेचे स्थान मध्यवर्ती आहे. तथापि तिची व्याप्ती किती असावी, याविषयीचे मत विसाव्या शतकात पार बदलले. अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ पासून संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी एकत्रच काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. तीमुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण घटले. पण छातीस खळगा पडे, हात सुजे व खांदा आखडे. १९४८ मध्ये लंडनच्या पेटी यांनी मोठा ऊरःस्नायू राखणारी सुधारित पद्धत वर्णिली. मिलानमध्ये वेरोनेसी यांनी १९७३ मध्ये व अमेरिकेत फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या चाचण्यांत, स्तन राखून केवळ रोगग्रस्त भाग काढलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मर्यादेत वीस वर्षांनंतरही फरक आढळला नाही. फिशर यांच्या चाचणीत केवळ गाठ काढलेल्यांपैकी सु. ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. प्रारण चिकित्सा दिलेल्यांत हे प्रमाण सु. १४ टक्के होते.

म्हणजे स्तन राखावयाचा तर प्रारण चिकित्सा जवळजवळ अपरिहार्य ठरते, आणि येथेच भूगोल आड येतो. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले टोकावडे हे गाव कल्याण–माळशेज घाट रस्त्यावर मुरबाडच्या पुढे आहे. तेथील स्त्रीस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) जाण्यासाठी एसटीने कल्याण व पुढे लोकल गाठावी लागते. पूर्वी पाच-सहा आठवडे चालणारी प्रारण चिकित्सा आता बहुधा तीन आठवड्यांत, काही रुग्णांत पाच दिवसांतही संपते. तरी रोजची ये-जा अशक्यप्राय असल्याने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी मुक्काम करावा लागतो. घर, गुरे व लावणीचा हंगाम सोडून राहणे जमत नाही म्हणून स्तन राखता येण्याजोगा असूनही तो काढून टाकण्याचा पर्याय पत्करला जाणे, हा वैद्यकीय निर्णय नव्हे. मोठी गाठ आधी औषधांनी लहान करून स्तन राखता येतो. मात्र त्यासाठीही फेऱ्या वाढतात.

काखेतील सर्व ग्रंथी काढल्यास हातास कायमची सूज येऊ शकते. चिखलात वाकून भातलावणी करणाऱ्या व डोईवर भारा वाहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही सूज स्तन गमावण्याइतकीच गंभीर असते. यासाठी काखेत स्पष्ट रोग नसलेल्या रुग्णांत प्रथम थोड्याच ग्रंथी तपासतात. किरणोत्सर्गी द्रव्य वा निळा रंग टोचून पहिली ग्रंथी शोधण्याची पद्धत जगभर रूढ आहे. टाटा रुग्णालयात काखेच्या खालच्या भागातील मेद व ग्रंथी काढून तपासण्याचा, खर्चिक साधनांवाचून करता येणारा पर्याय अभ्यासला गेला.

पुनर्रचना त्याच वेळी किंवा उपचार संपल्यावर करतात. तीमुळे रोग उलटण्याचा धोका वाढत नाही. सिलिकोनचे रोपण १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे प्रथम झाले. प्रारण दिलेल्या जागी त्याभोवतीचे आवरण कठीण होण्याची शक्यता अधिक असते आणि काही वर्षांनी ते बदलावे लागू शकते. पाठीचा रुंद स्नायू त्वचेसह पुढे आणण्याची कल्पना इटलीतील तान्सीनी यांची. पोटाच्या खालच्या भागातील त्वचा व मेद स्नायूसह वर नेण्याची पद्धत हार्टरम्फ यांनी १९८२ मध्ये वर्णिली. तीत पोटाची भिंत दुबळी होते, ही बाब ओझी उचलणाऱ्या स्त्रीस आधी सांगितली पाहिजे. पुढे स्नायू जागेवरच राखून केवळ रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याचे तंत्र आले. ज्यांना पुन्हा शस्त्रक्रिया नको, त्या चोळीत बसणारा कृत्रिम स्तन वापरतात.

यांतले किती पर्याय उरतात, हे रोगाच्या अवस्थेवर ठरते. टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतील १,५१,५३८ स्त्रियांवर सुरू केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील स्तन कर्करोगाचे मृत्यू सु. ३० टक्क्यांनी घटले; त्याहून तरुण स्त्रियांत घट दिसली नाही.