जुन्या जीपचा मेनिफोल्ड आणि मिस्त्रीची मजुरी

सावदा म्हटले की लोकांना केळी आठवते. परंतु अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे हे गाव वाहनांवरही जगते. केळीचे ट्रक, ट्रॅक्टर, मळ्यांतल्या जुन्या जीपगाड्या आणि त्यांना चालते ठेवणारे मिस्त्री. यातील कितीतरी मिस्त्री आपल्या समाजाचे आहेत. शाळा अर्ध्यावर सुटली, पण हातात हुनर आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. आठवडे बाजाराला गठ्ठे नेण्यात आमची बरीच वर्षे भाड्याच्या जीपमध्ये गेली, आणि जीप म्हटली की गॅरेजच्या बाकावर बसणे आलेच. तेथे पाहिलेल्या एकाच कामाविषयी आज लिहावयाचे आहे. ते काम म्हणजे इंजिनाला एक्झॉस्ट मेनिफोल्ड बसवणे.

हा विषय आताच काढण्यास कारण आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीस 20,000 रुपये व नूतनीकरणास 5,000 रुपये फी ठरली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. 1970 च्या आधीची जीप वयाने यात बसते. पण डिझेल स्वस्त पडते म्हणून कित्येकांनी जीपचे पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन टाकले. ज्याचे मूळ इंजिन शाबूत आहे, त्याच्या गाडीला आता शौकीन गिऱ्हाईक मिळते.

या जीपचा इतिहासही आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा. 2 ऑक्टोबर 1945 रोजी ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद असे होते आणि धंदा पोलादाचा होता. महिंद्र बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले व 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले. विलिस जीपची जुळणी 1947 पासून मुंबईत होऊ लागली होती.

अमेरिकेत हाच व्यवहार फार मोठा आहे. 1964 च्या पाँटियाक जीटीओसारख्या ज्या दणकट इंजिनांच्या गाड्यांना तेथे मसल कार म्हणतात, त्यांच्या मेनिफोल्डवरचा ओतकामाचा क्रमांक व तारखेची खूण गिऱ्हाईक वाकून वाचतो. मूळ तुकडा असेल तर भाव वेगळा. आपल्याकडे तोच बिडाचा तुकडा तडा गेला की भंगारात किलोवर जातो, आणि त्या जागी पाइप वेल्ड करून काम भागवले जाते. आमच्या मते हा सरळ नुकसानीचा सौदा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. थंड इंजिन सुरू करताच टक-टक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो, अशी तक्रार घेऊन मालक येतो. पुष्कळ ठिकाणी लगेच टॅपेट खोलतात. अनुभवी उस्ताद आधी एकेका प्लगची वायर काढून पाहतो. एखाद्या सिलिंडरची वायर काढताच आवाज बसला, तर तेथे मेनिफोल्ड लीक असण्याचा संभव मोठा. जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसला की खात्रीच झाली. असे लीक हलके धरू नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि ताडपत्री बंद केलेल्या जीपमध्ये तो माणसाला बेशुद्ध करू शकतो, जीवही घेऊ शकतो.

लीक होते कसे? दीड फूट लांबीचा बिडाचा तुकडा पाचशे अंशांनी तापला तर सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. थंड झाल्यावर पुन्हा आखडतो. रोजच्या या ओढाताणीत त्याचा फेस वाकतो, स्टड तुटतात, पॅकिंग जळते. म्हणूनच टोकांकडची भोके थोडी सैल ठेवतात, तुकड्याला सरकायला जागा मिळावी म्हणून. ही भोके मोठी झाली आहेत असे समजून जाड स्टड ठोकणारे महाभाग आहेत. मग टोकाचा कान तुटतो आणि दोष कंपनीला.

गंजलेल्या नटावर जोर करू नये. आदल्या रात्री तेल सोडावे, सकाळी नट गरम करून हळूहळू मागे-पुढे फिरवावा. स्टड तुटलाच तर त्यावर नट वेल्ड करून काढता येतो. भोकातील आटे टॅपने साफ करावेत. जुने पॅकिंग खरवडताना ते पाण्याने ओले करावे, हवेच्या पाइपने उडवू नये. त्या काळच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसात बसली की वर्षांनी त्रास देते. शागिर्द पोरांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

यानंतरचे काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि मजुरीची खरी कसोटी तेथेच लागते. फेसवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज सरकवावा. इंचाचे दहा हजारांश, म्हणजे दहा थाऊइतकी फट निघाली, तर जाड पॅकिंग टाकून ती लपवू नये. जळगाव, भुसावळ किंवा बऱ्हाणपूरला पाठवून फेस मारून आणावा. शेवरोलेच्या अनेक इंजिनांना कारखान्यातून मेनिफोल्ड पॅकिंगशिवायच बसवत, कारण दोन्ही फेस तसे सपाट असत. तडा असेल तर पितळेची झाळ उपयोगाची नाही, एवढ्या उष्णतेला ती टिकत नाही. बीड आधी तापवून निकेलच्या रॉडने भरावे व राखेत किंवा चुन्यात गाडून सावकाश थंड होऊ द्यावे.

सुरुवातीच्या जीपगाड्यांच्या इंजिनात पेट्रोल-हवेचा व धुराचा असे दोन्ही मेनिफोल्ड एकमेकांना जोडलेले असतात. ते आधी घट्ट जोडून मग ब्लॉकवर बसवले तर दोन फेस एका पातळीत येत नाहीत. आपसांतले स्क्रू सैल ठेवावेत, ब्लॉककडचे नट आवळावेत, मग आपसांतले. पुढे आलेल्या हरिकेन इंजिनात इनटेकची वाट हेडमध्येच आहे व धुराचा मेनिफोल्ड स्वतंत्र, तेथे हा घोळ नाही. नट पितळी वापरावेत, ते गंजून चिकटत नाहीत. आवळणी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्यावी, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातील आकड्यापर्यंत. हाताच्या अंदाजावर फार भरवसा असलेल्या मिस्त्रींना हा पाना खर्च वाटतो. एक मेनिफोल्ड फुटला की तो खर्च वाटेनासा होतो.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा व चिलखताच्या कड्या मापात जोडण्याच्या आदेशाचा उल्लेख आहे. लोखंडाचे काम करणाऱ्या आपल्या भावांसाठी यापेक्षा मोठी सनद कोणती? कापडात वार कमी भरला तर गिऱ्हाईक घरी मोजून परत येते. फेस न मारता फेसिंगचे पैसे घेतले, तर ते मोजायला त्याच्याजवळ काही नसते.

म्हणून बिल तुकड्या-तुकड्याने लिहावे: फेसिंग इतके, स्टड इतके, पॅकिंग व पितळी नट इतके, मजुरी इतकी. फेसिंगआधी गेज लावून फट मालकाला दाखवावी. तुटलेले स्टड त्याच्या हातात द्यावेत. आणि पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळावे लागतात, त्या फेरीची तारीख बिलावरच टाकावी. बाजाराचा दिवस मात्र देऊ नये, त्या दिवशी कोणी जीप घेऊन येत नाही.