लेक उदास गाणी ऐकते तेव्हा

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली, हप्ते लिहून झाले, तरी एक ताई उठेनात. म्हणाल्या, "लेक कॉलेजात जाते. रात्री दिवा मालवून मोबाईलवर कसलं तरी रडकं गाणं ऐकते. एक शब्द कळत नाही. तिला काही झालं तर नाही ना?" आम्ही त्यांच्या घरी गेलो, लेकीशेजारी बसून ते गाणं ऐकलं. आज त्याबद्दलच बोलू.

या गाण्यांना 'नियोक्लासिकल डार्क वेव्ह' म्हणतात. नाव अवघड, पण गोष्ट सोपी. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये तरुण मुलं गिटार आणि ड्रमवर उदास, गंभीर गाणी करू लागली. त्यातल्या काहींनी पुढे व्हायोलिन, चेलो, ट्रॉम्बोन अशी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली वाद्यं घेतली. चर्चमध्ये गातात तसे लांब, संथ सूर घेतले. त्यातून हा प्रकार तयार झाला.

लेक ऐकत होती ती जोडी 'डेड कॅन डान्स'. लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी यांनी १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ती सुरू केली. पुढे ते लंडनला गेले. नावाचा अर्थ होतो 'मेलेले नाचू शकतात'. ऐकून ताई दचकल्याच! पण त्यांच्या १९८४ च्या पहिल्या अल्बमवर न्यू गिनीतल्या एका मुखवट्याचं चित्र आहे. मुखवट्याचं लाकूड म्हणजे मेलेलं झाड. कोरणाऱ्याच्या हाताने त्यात पुन्हा जीव येतो, असा त्या नावाचा अर्थ आहे.

आणि शब्द का कळत नाहीत? कारण लिसाच्या बऱ्याच गाण्यांत कुठल्याच भाषेचे शब्द नसतात. ती मनात येतील ते आवाज गाते. बाळाला थोपटताना आपण नुसतंच गुणगुणतो, बाळाला ते कळतंच की.

त्यांच्या १९८७ च्या अल्बमवर पॅरिसच्या दफनभूमीतल्या एका पुतळ्याचा फोटो आहे. फ्रान्सचे रास्पाई राजकीय कैदी म्हणून तुरुंगात होते. १८५३ साली ते आत असतानाच त्यांची पत्नी वारली. पुतळ्यातली बाई नखशिखांत वस्त्र पांघरून तुरुंगाच्या गजांना हात लावते आहे, नवऱ्याचा निरोप घेते आहे. लेकीने हे सांगितलं तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "हे तर आपल्यासारखंच दुःख."

तेव्हा मैत्रिणींनो, उदास गाणं ऐकणं हा काही आजार नाही. मनात साठलेलं बाहेर यायला त्याने वाट मिळते. म्हणून मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा, "मलाही ऐकव" म्हणा.

लक्ष ठेवायचं ते गाण्यावर नाही, लेकरावर. जेवण तुटलं, झोप उडाली, बोलणं बंद झालं आणि हे दोन आठवडे टिकलं, किंवा जगणं नको असं कधीही तोंडून निघालं, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.