समुद्र नाही, तरी नगर जिल्ह्यात 'बेटं' आहेत! आणि तिथली फुलं जगात मोजक्याच ठिकाणी फुलतात

नगर जिल्हा म्हटलं की आठवतात साखर कारखाने, शिर्डी, शनिशिंगणापूर आणि पाण्याची टंचाई. आताच्या या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही वनस्पतींच्या दृष्टीने पाहिलं, तर पश्चिमेच्या अकोले तालुक्यात बेटं आहेत. त्यांची नावं कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड.

डोंगराला बेट का म्हणायचं?

आधी खरं बेट पाहू. हवाई बेटं कोणत्याही खंडापासून हजारो किलोमीटर दूर आहेत. लाखो वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडून सूर्यफुलाच्या कुळातली एक वनस्पती तिथे पोहोचली. मूळच्या भाऊबंदांशी तिचा संबंध तुटला आणि तिच्या वंशातून सुमारे ३० वेगळ्या प्रजाती तयार झाल्या. त्यात झुडपं आहेत, वेली आहेत, छोटी झाडंही आहेत. जगात त्या दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत.

म्हणजे बेट व्हायला पाणीच लागतं असं नाही, एकटेपण लागतं. उंच डोंगरमाथ्याला ते मिळतं. माथ्यावर गारवा, धुकं आणि धो धो पाऊस, तर भोवती गरम, कोरडा सपाट प्रदेश. माथ्यावरच्या रोपासाठी हा सपाट प्रदेश म्हणजेच समुद्र. अशा डोंगरांना 'आकाशबेटं' म्हणतात.

नगरमध्ये हा फरक ठळक दिसतो. अहिल्यानगर शहरात वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या घाटघर-रतनवाडी पट्ट्यात तो कित्येक पटींनी जास्त असतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. हरिश्चंद्रगडाचा माथाही १४०० मीटरच्या वर.

पावसाळ्यापुरतं आयुष्य

या माथ्यांवर पाणी भरपूर, पण माती बोटभर. खाली काळा कातळ. पावसाळ्यात सगळं चिंब आणि दिवाळीनंतर खडखडाट. म्हणून इथल्या अनेक वनस्पती जून ते ऑक्टोबर एवढ्या काळात उगवणं, फुलणं, बी धरणं उरकतात. उरलेले महिने त्या कंद किंवा बी होऊन जमिनीत झोपतात.

मातीत पोषण कमी असल्याने सह्याद्रीच्या कातळसड्यांवरच्या काही वनस्पती चक्क जीव खातात. दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडते. निळ्या-जांभळ्या फुलांची 'सीतेची आसवं' सूक्ष्म पिशव्यांमध्ये पाण्यातले बारीक जीव ओढून घेते.

कंदिलात अडकणारी माशी

या बेटांचं सगळ्यात खास फूल म्हणजे कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. गावाकडे काही ठिकाणी खरपुडी म्हणतात. भारतात याच्या पन्नासहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच फक्त पश्चिम घाटातच सापडतात.

फूल नळीसारखं, वरचं टोक कंदिलासारखं. वासाला भुलून बारीक माशी नळीत घसरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. काही काळाने केस सुकतात आणि परागकण चिकटलेली माशी सुटते. ती पुढच्या फुलात शिरली की परागीभवन होतं. म्हणजे नुसतं रोप टिकून भागत नाही. तीच माशी हवी आणि जवळपास दुसरं फूलही हवं.

यातलीच एक प्रजाती सेरोपेजिया लॉई. एकोणिसाव्या शतकात तिची नोंद झाली, नंतर अनेक दशकं ती कुणाला दिसलीच नाही. विसाव्या शतकात वनस्पतीशास्त्रज्ञांना ती पुन्हा सापडली, ती हरिश्चंद्रगडावर.

मग धोका कशाचा?

१९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञांनी बेटांचा एक नियम मांडला. बेट जितकं लहान आणि दूर, तितक्या तिथे प्रजाती कमी. लहान बेटावर एखादी प्रजाती संपण्याची शक्यता जास्त आणि दुरून नवी रोपं येऊन ती जागा भरून निघण्याची शक्यता कमी. डोंगरमाथ्यांनाही हे बरंचसं लागू पडतं.

हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. पण ही फुलं ज्या आठवड्यांत फुलतात, त्याच आठवड्यांत गडांवर सर्वाधिक गर्दी असते. पायवाट सोडून सड्यावर पसरलेली माणसं, तंबू, शेकोट्या, प्लास्टिक. जिथे माती बोटभर, तिथे एक तंबूसुद्धा कंदांवरच ठोकला जातो. त्यात कुणी हौसेने कंद उपटला, तर ते रोप पुढच्या पावसात येत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. हवामान तापलं की डोंगरावरच्या वनस्पती हळूहळू वर सरकतात, कारण वर गारवा असतो. पण जी आधीच माथ्यावर आहे, ती कुठे जाणार? कळसूबाईच्या वर महाराष्ट्रात जमीनच नाही.

दुर्मीळ कंदीलपुष्पं वाचवायचं काम सुरू आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात ती जपली आणि वाढवली जातात. पण बागेत रोप वाढवता येतं; तो कातळ, ते धुकं आणि ती माशी तिथे नेता येत नाही.

म्हणून पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याने पायवाट सोडू नये, तंबू फुलांच्या सड्यावर ठोकू नये आणि फूल फोटोतच घरी न्यावं. दुर्मीळ फुलाचा फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नये, हे त्याहून महत्त्वाचं. शोधणाऱ्यांच्या मागोमाग उपटणारेही येतात.