रिंगणातला घोडा उलटा का धावतो?

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीकडं निघाली, की आमच्या भागातले मोबाइल भरायला लागतात. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. सणसरनंतर बेलवडीला गोल रिंगण, पुढं निमगाव केतकी, मग इंदापूरला पुन्हा रिंगण. सराटीला पादुकांचं नीरास्नान झालं, पालखी अकलूजकडं गेली, की ओळखीपाळखीचे लोक हे सगळं चित्रण घेऊन माझ्याकडं येतात. एरवी मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो, पण वारीचं काम आलं की बाकीचं बाजूला ठेवतो. घरातलं म्हातारं माणूस त्या गर्दीत दोन सेकंद दिसतं आणि घरच्यांना ते दोन सेकंद जन्मभर पुरवायचे असतात.

क्लिपा असतात तेवढ्याच, दोन-तीन सेकंदांच्या. आणि मागणी ठरलेली: "दादा, तुटक-तुटक दिसतंय. प्रत्येक जोडाला काहीतरी इफेक्ट टाका ना."

मी त्यांना शेजारी बसवून दाखवतो. डिझॉल्व्हमध्ये एक चित्र विरत जातं आणि त्याच वेळी दुसरं उमटतं. त्यासाठी दोन्ही क्लिपांची टोकं एकमेकींवर चढवावी लागतात. दोन सेकंदांच्या क्लिपेला दोन्हीकडं एकेक सेकंदाचा डिझॉल्व्ह दिला, तर पहिला सेकंद मागच्या चित्रात मिसळण्यात जातो आणि दुसरा पुढच्या. आजी स्वच्छ अशी दिसतच नाही. शिवाय अशा तीन क्लिपा जोडल्या की सहा सेकंदांचे चारच उरतात, आणि खाली लावलेल्या अभंगाशी चित्राचा मेळ सुटतो.

म्हणून छोट्या क्लिपांना मी साधा कट देतो. मात्र तो हालचालीवर. पताका वर उचलली जात असताना कापायचं आणि पुढची क्लिपही कशाच्या तरी हालचालीनंच उघडायची. पाहणाऱ्याची नजर हालचालीमागं जाते, जोड त्याच्या लक्षातही येत नाही. डिझॉल्व्ह मी राखून ठेवतो तो बेलवडीच्या रिंगणावरून निमगाव केतकीच्या मुक्कामावर जाताना, जिथं खरोखर वेळ आणि जागा बदलली आहे. तिथंसुद्धा तो लागतोच असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली भांडवल उभं करण्यासाठी वाटाण्याचं रोप वाढताना चित्रित केलं होतं, थोड्या-थोड्या काळानं एकेक फ्रेम टिपून. मधले तास आणि दिवस त्यांनी सरळ गाळले, तरी रोप वाढताना दिसलं.

रिंगणाची खरी अडचण वेगळीच असते. अश्व एकाच दिशेनं फेऱ्या मारतो, पण गोलाबाहेर उभ्या माणसाला तो जवळून जाताना डावीकडून उजवीकडं धावताना दिसला, तर समोरच्या कडेला उजवीकडून डावीकडं धावताना दिसतो. या दोन क्लिपा लागोपाठ लावल्या की घोडा मधेच मागं फिरला असं वाटतं. आतून, पालखीजवळून घेतलेली क्लिप मिसळली तर गोंधळ आणखी वाढतो. यावर कुठलंही चकचकीत ट्रान्झिशन चालत नाही. मधे दिशा नसलेलं काहीतरी घालावं लागतं: तुळस डोक्यावर घेतलेल्या बाईचा समोरून चेहरा, वीणेवरचे हात, टापांखालची माती कपाळाला लावणारी बोटं. एक-दीड सेकंद पुरतो. तेवढ्यात पाहणारा जुनी दिशा विसरतो आणि घोडा दुसरीकडून आला तरी खटकत नाही.

आता येणाऱ्यांना मी वारीआधीच सांगून ठेवतो. बटण दाबल्यावर मनात तीन मोजा, मग हवं ते टिपा, आणि ते संपल्यावर पुन्हा तीन मोजून बंद करा. कापायला आणि मिसळायला तेवढी टोकं लागतात. घरातल्या एकानं चित्राच्या मागं न लागता आख्खा अभंग सलग रेकॉर्ड करावा. तो अखंड आवाज खाली अंथरला की वरचे कट तुटक वाटत नाहीत. फक्त त्यावर गाणाऱ्यांची तोंडं जवळून दाखवायची नाहीत, ओठ जुळणार नाहीत. टाळ दाखवायचे तर ठोका आवाजाशी बसेपर्यंत क्लिप एकेक फ्रेमनं सरकवावी लागते. त्याला वेळ लागतो, तो मी देतो. आणि क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्या दाबल्या जाऊन येतात आणि गर्दीतला आजीचा चेहरा मोठा करून दाखवता येत नाही.