एक एकर भात, दहा घरं, पंचवीस मतं

नवी मुंबईतल्या उलव्याच्या इमारतींकडे बघताना एक हिशोब जरूर करून पाहावा. समजा, एका कुटुंबाची एक एकर भातशेती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं संपादित केली. एक एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4,047 चौरस मीटर. साडेबारा टक्के योजनेत त्या कुटुंबाला विकसित जमीन परत मिळते. त्यातले 3.75 टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात आणि हातात 8.75 टक्क्यांचा भूखंड पडतो, म्हणजे साधारण 354 चौरस मीटर. त्यावर भूखंडाच्या दीडपट चटईक्षेत्र मिळतं. बांधकाम झालं सुमारे 531 चौरस मीटर, जवळपास 5,700 चौरस फूट. तळाला एक-दोन दुकानं काढली, तरी वर नऊ-दहा छोटी घरं बसतात. शेत कसणाऱ्या घरात चार-पाच मतं होती. त्या दहा घरांत वीस-पंचवीस मतं राहायला येतात.

हिशोब ढोबळ आहे, पण त्यात महाराष्ट्राच्या राजकारणातलं एक थक्क करणारं कोडं उलगडतं. ही साडेबारा टक्के जमीन शेतकऱ्याला ज्या लढ्यामुळे मिळाली, त्या लढ्याच्या अग्रभागी शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) होता. लाल बावट्याचा हा पक्ष पनवेल-उरण पट्ट्यात घराघरांत रुजलेला होता. आणि तरीही 1999 नंतर इथून शेकापचा एकही खासदार दिल्लीला गेलेला नाही. लढा जिंकणारा पक्ष निवडणूक का हरू लागला? पुष्कळ कारणं सांगितली जातात. मला सगळ्यांत खोल कारण त्या भूखंडातच दिसतं: पक्षानं आपल्या माणसांना जे मिळवून दिलं, त्यानं ती माणसंही बदलली आणि त्यांचा शेजारही.

हे समजायला थोडं मागं जावं लागतं. 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आसपासच्या गावांतले शेतकरी एकदिलानं उभे राहिले आणि शेतं सहा वर्षं ओस पडली. माणसांनी लाकूडफाटा विकला, मासेमारी केली, उपास काढले. नांगर मात्र धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले. 1939 मध्ये संप मिटला, त्याच वर्षी मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर खोती संपली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शेकाप उभा केला, तेव्हा कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात त्याला आयती नांगरलेली जमीन मिळाली होती. शेतकरी संघटित कसा होतो, हे इथल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

इथं पहिल्यांदा ती विलक्षण गोष्ट घडली. कूळ मालक झालं, म्हणजे खोताविरुद्धचा झगडा संपला. जिंकल्यावर लढण्याचं कारणच उरत नाही. त्या वेळी पक्ष तरला, कारण मालक झालेला माणूस शेतकरीच राहिला होता आणि लवकरच त्याच्या जमिनीवर नवं संकट आलं. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेण्याचं ठरलं. भातखाचरं, मिठागरं, खाडीकाठची खारजमीन, सगळं त्यात आलं. आगरी आणि कोळी कुटुंबांच्या सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जाणार होतं.

जासईचे दिनकर बाळू पाटील, सगळ्यांचे 'दिबा', या लढ्याचा आवाज झाले. शेकापचे पनवेलचे आमदार म्हणून त्यांना गावन्‌गाव ओळखत होतं. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर जासई-न्हावाशेवा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. हा परिसर आजच्या उलवे नोडला अगदी लागून आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट होती. डिसेंबरच्या त्या मतदानात काँग्रेसनं देशात 400 चा आकडा ओलांडला आणि महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा जिंकल्या. त्या लाटेत, पनवेल-उरण ज्यात येत होतं त्या कुलाबा मतदारसंघानं शेकापच्या दि. बा. पाटील यांना निवडून दिलं. सगळा देश एका दिशेला वाहत असताना या खाडीकाठच्या माणसांनी आपल्या पाच हुतात्म्यांच्या बाजूनं मत टाकलं. जमीन, माणूस आणि मत इतकं एकजीव झालेलं मला महाराष्ट्राच्या निवडणुकांच्या इतिहासात फार कमी ठिकाणी दिसतं.

पुढे 1990 मध्ये सरकारनं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय घेतला आणि 1994 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. देशात प्रकल्पासाठी जमीन गेलेल्यांच्या पदरी बहुधा तुटपुंजी रक्कम आणि विस्थापन पडतं. इथं शेतकऱ्याला वाढणाऱ्या शहरात वाटा मिळाला. विमानतळासाठी ज्या गावांची जमीन गेली, त्यांच्यासाठी हा वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. उलवे, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे ही गावं त्यातलीच. या यशाचं मोल मी कधीच कमी मानणार नाही. मिळालेल्या भूखंडाच्या आधारावर कितीतरी घरांतली मुलं शिकली, उद्योगात पडली.

पण भूखंडाची स्वतःची एक चाल असते. शेतकऱ्याकडे जमीन असते, बांधायला भांडवल नसतं. मग बिल्डर येतो, सिडको, मूळ मालक आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार होतो आणि इमारत उठते. काल ज्याचं हित भाताच्या भावाशी बांधलेलं होतं, त्याचं हित आता घरांच्या भावाशी बांधलं जातं. बंदर, रस्ते, रेल्वे, विमानतळ यांच्या कामांत माती भराव, खडी, डंपर, टँकर यांचे ठेके निघतात आणि प्रकल्पग्रस्तांनी ते मागणं रास्तच असतं. मात्र ठेका मिळण्यासाठी सत्तेच्या जवळ असावं लागतं आणि शेकाप हा आयुष्यातला बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसलेला पक्ष. शेतकरी आणि कामगार या दोन शब्दांवर उभ्या असलेल्या पक्षाच्या गावांत हळूहळू भूखंडधारक आणि ठेकेदार वाढत गेले.

त्याच वेळी वरच्या दहा घरांत नवी माणसं आली. मुंबईच्या चाळींतून, घाटावरून, तळकोकणातून, उत्तर प्रदेशातून, दक्षिणेतून. 11 नोव्हेंबर 2018 ला उलव्यातल्या खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली, 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंतची लोकल आणि अटल सेतू या दोन्हींचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. डोंगर कापून सपाट केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि त्या जागेवर विमानतळ उभा राहिला. या घरांतल्या माणसाला नळाला पाणी, लोकलच्या फेऱ्या, गृहकर्जाचा हप्ता, मुलांची शाळा यांची काळजी असते. जानेवारी 1984 हे त्याच्या आठवणीत नाही, कारण तेव्हा तो इथं नव्हता. लोकसभेला मत देताना तो दिल्लीत कोण बसणार, हे बघतो. त्याच्याशी बोलायला शेकापकडे खोत, कूळ आणि संपादन यांची भाषा होती. घर आणि हप्ता यांची भाषा पक्षानं वेळेत घडवली नाही.

आता आकडे पाहू. कुलाबा मतदारसंघातून शेकापचा खासदार 1957, 1977, 1984, 1998 आणि 1999 या वर्षांत निवडून गेला. 1977 मध्ये तर पक्षाचे देशभरात पाच खासदार होते. म्हणजे हा पक्ष अधूनमधून हरत आला होता, पण प्रत्येक हारीनंतर उठत होता. 1980 मध्ये गेलेली जागा 1984 मध्ये आली. 1989 पासून काँग्रेसचे बॅ. अ. र. अंतुले सलग तीनदा जिंकले, तरी 1998 मध्ये रामशेठ ठाकूर यांनी ती परत आणली. 2004 मध्ये अंतुले पुन्हा जिंकले. या वेळी मात्र पक्षाला उठताच आलं नाही.

कारण मधल्या काळात मतदारसंघच फाटला. 2008 च्या फेररचनेत जुना कुलाबा मतदारसंघ संपला. पनवेल, उरण आणि कर्जत हे भाग घाटावरच्या मावळ, चिंचवड, पिंपरीला जोडून मावळ मतदारसंघ झाला. अलिबाग, पेण, श्रीवर्धन, महाड यांना रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर जोडून रायगड मतदारसंघ झाला. शेकापचं बळ अलिबाग-पेण आणि पनवेल-उरण या दोन टोकांवर होतं. दोन्ही टोकं मिळून एक खासदार देत होती. रेषा अशी गेली की दोन मतदारसंघांत दोन अर्धवट ताकदी उरल्या आणि उलव्याच्या मतदाराचा खासदार निवडण्यात पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि सोसायट्याही वाटेकरी झाल्या. 2014 मध्ये शेकाप आणि मनसेच्या पाठिंब्यावर मावळमधून लक्ष्मण जगताप उभे राहिले. ते स्वतः पिंपरी-चिंचवडचे. शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांनी त्यांना सुमारे दीड लाख मतांनी हरवलं.

मग पक्षानं युत्यांचा आधार घेतला. रायगडमध्ये 2014 साली त्यानं स्वतःचा उमेदवार दिला होता. 2019 मध्ये मात्र शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याविरुद्ध राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांना साथ दिली आणि 2024 मध्ये त्याच तटकरेंविरुद्ध गीते यांना. मावळमध्ये 2019 साली पक्ष राष्ट्रवादीच्या पार्थ पवार यांच्यामागे उभा राहिला. प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळचं कारण होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच चिन्हावर शिक्का मारणाऱ्या मतदाराला दर पाच वर्षांनी दुसऱ्याच्या चिन्हाकडे पाठवलं, तर त्याची सवय मोडते. सवय मोडलेला मतदार पुढे कुठेही जाऊ शकतो. नेतेही गेले. दोनदा खासदार झालेले रामशेठ ठाकूर काँग्रेसमध्ये आणि नंतर भाजपमध्ये गेले. त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर 2014 पासून भाजपचे पनवेलचे आमदार आहेत. 2017 मध्ये पनवेल महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत 78 पैकी 51 जागा भाजपनं घेतल्या. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ती बँक पक्षाच्याच वर्तुळातली म्हणून ओळखली जाई. ठेवीदारांच्या मनातल्या विश्वासाला बसलेला तो धक्का मोठा होता.

जगातल्या डाव्या पक्षांच्या गोष्टींशेजारी ही गोष्ट ठेवली की तिचं वेगळेपण लख्ख दिसतं. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीनं 1978 पासून बर्गादारांची नोंदणी करून वाट्यानं कसणाऱ्याला हक्क दिला आणि 34 वर्षं राज्य केलं. सिंगूर आणि नंदीग्राममध्ये त्याच आघाडीचं सरकार शेतकऱ्याच्या जमिनीकडे वळलं आणि 2011 मध्ये सत्ता गेली. तिथं डावे जमीन घ्यायला निघाले म्हणून हरले. उलव्यात डाव्यांनी गेलेल्या जमिनीचा वाटा परत मिळवून दिला आणि त्या वाट्यावर उभ्या राहिलेल्या शहरात ते अल्पमतात गेले. दुसरा पराभव मला जास्त विचार करायला लावतो, कारण त्यात पक्षाचं मुख्य काम चोख झालं होतं.

पक्षाची मुळं अजून जिवंत आहेत. 2024 च्या विधानसभेत उरणमधून शेकापचे प्रीतम म्हात्रे सुमारे 88 हजार मतं घेऊन साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरले, तेही महाविकास आघाडीतल्याच ठाकरे गटाचा उमेदवार समोर असताना. त्याच निवडणुकीत सांगोल्यात बाबासाहेब देशमुख शेकापचे आमदार झाले.

म्हणून पुढचा प्रश्न मला आठवणींपेक्षा माणसांचा वाटतो. उलव्यात आज राबणारा माणूस कोण आहे? इमारतीच्या दारात बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक, चार घरची कामं करणारी बाई, विमानतळावर सामान चढवणारा मुलगा, कंटेनर गोदामातला कंत्राटी कामगार, अ‍ॅपवर गाडी चालवणारा चालक, आणि गरजेपोटी बांधलेलं घर नियमित होण्याची वाट बघणारं प्रकल्पग्रस्त कुटुंबही. यांतल्या बहुतेकांच्या नावावर गुंठाही नाही. चरीच्या कुळाच्या नावावरही जमीन नव्हती. त्याला संघटित करायला नारायण नागू पाटील गावोगाव हिंडले. ज्या पक्षाच्या नावातच कामगार आहे, त्यानं हे नवे कष्टकरी हेच आपले मतदार आहेत असं ठरवून त्यांच्या पगाराचा, भाड्याचा आणि कामाच्या तासांचा लढा हाती घेतला, तर दहा घरांतली पंचवीस मतं त्याला परकी राहणार नाहीत.