टॅरो शिकायचा आहे? आधी पुस्तक नीट निवडा

मोबाइलमुळे टॅरोची पाने आता औराद-उदगीरकडच्या घरांतही माहीत झाली आहेत. आपल्या मुलामुलींना ती शिकायचीच असतील, तर महागड्या शिबिराचे पैसे भरण्याआधी एक चांगले पुस्तक घ्यावे.

पुस्तक आपल्याजवळच्या संचाचेच हवे. टॅरोत 78 पाने असतात : 22 मुख्य आणि 56 लहान. 1909 साली ए. ई. वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या संचात लहान पानांवरही प्रसंगचित्रे आहेत. जुन्या मार्सेय संचात तिथे नुसती चिन्हे असतात. शिवाय मार्सेयमध्ये ‘न्याय’ आठवे पान आणि ‘बल’ अकरावे. वेट यांच्याकडे नेमके उलट. पुस्तक एकाचे आणि पाने दुसऱ्याची असली, की गोंधळ ठरलेलाच.

वेट यांचे स्वतःचे पुस्तक मूळचे खरे, पण त्याची इंग्रजी जड आहे. नवशिक्यांनी रेचल पोलॅक यांचे ‘सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विज्डम’ पाहावे. त्यात एकेका पानाचा अर्थ सविस्तर उलगडला आहे.

भीती घालणारे पुस्तक मात्र घेऊ नये. तेरावे पान ‘मृत्यू’चे, जाणकार त्याचा अर्थ एक टप्पा संपून दुसरा सुरू होणे, असा लावतात. मुळात टॅरो हा पंधराव्या शतकातला इटलीतील पत्त्यांचा खेळ, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखाच. त्यावरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकात रुजली. हे मोकळेपणाने सांगणारे पुस्तक विश्वासाचे समजावे.

पाने हौसेने जरूर वाचावीत. लग्न, आजारपण आणि जमिनीचा व्यवहार मात्र त्यांच्यावर सोपवू नये.